राजे कोणाचे, दीन कोणाचा?

मुसलमानाला या देशात इतिहासाचे दोन प्रश्न विचारले जातात, आणि दोन्हींची उत्तरे विचारणाऱ्याने अगोदरच ठरवलेली असतात. तुमचे पूर्वज कोण, हा पहिला. तुमच्या सुलतानांनी जे केले त्याचे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात आम्ही बाटगे ठरतो, दुसऱ्यात परके आक्रमक. एकच माणूस एकाच वेळी घरातला बाटलेला आणि बाहेरून घोड्यावर बसून आलेला कसा असेल, हे विचारणाऱ्याला सुचत नाही. खेदाची गोष्ट ही की आम्हालाही सुचत नाही. आमच्यातले शहाणे गप्प बसतात आणि तरुण छाती पुढे काढून म्हणतात, ‘आम्ही इथे शेकडो वर्षे राज्य केले आहे.’ हे ‘आम्ही’ म्हणजे कोण? कापूस पिंजणारा पिंजारी? बांगड्या भरणारा मण्यार? बागवान, आतार, मुलाणी, फकीर? यांच्यापैकी कोणाच्या आज्याने कोणत्या तख्तावर बसून फर्मान काढले होते?

हा वाद नुसता शाब्दिक राहिलेला नाही. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल उसळली. नागपूर आमच्या यवतमाळहून फार दूर नाही. तिथे दगड पडला की इथल्या मोहल्ल्यात दुकानांची फळी आधी खाली येते. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाचा हिशेब कळंब चौकातल्या पानठेलेवाल्याने द्यावा, अशी ही तऱ्हा. तो द्यावा की न द्यावा, आणि द्यायचा नसेल तर मग त्या बादशहाचा अभिमान तरी कोणत्या तोंडाने धरावा, हा आमच्यापुढचा नैतिक प्रश्न आहे.

‘इस्लाम तलवारीने पसरला’ हा आरोप झाला की आमच्या सभा-संमेलनांतून हमखास इंडोनेशियाचा दाखला दिला जातो. जगात सर्वांत जास्त मुसलमान असलेला देश, आणि तिथे अरबांचे किंवा तुर्कांचे सैन्य कधी उतरलेच नाही! दाखला खोटा नाही. १२९२ मध्ये मार्को पोलो सुमात्राच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा पेरलाक नावाच्या बंदरातले लोक व्यापाऱ्यांच्या सहवासाने मुसलमान झालेले त्याला दिसले. डोंगरातले लोक मात्र जुन्याच रीतीने राहत होते. शेजारच्या पासाई राज्याचा पहिला मुसलमान राजा मलिक अल-सालेह, त्याच्या कबरीवर १२९७ साल कोरलेले आहे. पुढे मलाक्का, जावातले देमाक, मसाल्याच्या बेटांतले तेर्नाते अशी एकामागून एक राज्ये उभी राहिली. गुजराती, अरब, तमिळ, चिनी मुसलमान व्यापारी बंदरात येत, राजाला जकात मिळे, राजा कलमा पढे, आणि मग हळूहळू, पिढ्यांमागून पिढ्या, रयत. जावात कलमा पढणारी माणसे आजही रात्रभर बाहुल्यांच्या खेळात महाभारत पाहतात. हे सारे आमच्या वक्त्यांना आवडते आणि आवडावे असेच आहे.

पण दाखला अर्धाच दिला जातो. त्याच पासाईला १३४५ च्या सुमारास इब्न बतूता गेला. तिथला सुलतान नम्र होता, जुम्म्याच्या नमाजाला पायी जात होता, असे त्याने लिहिले. आणि हाच सुलतान शेजारच्या मुलखांवर वारंवार स्वाऱ्या करीत होता, हेही लिहिले. सुलावेसी बेटावरच्या गोवा राज्याच्या राजाने (हे आपले गोवा नव्हे) १६०५ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि लगेच शेजारच्या बुगीस राजांवर चढाया सुरू केल्या. १६११ पर्यंत बोनेसह ती राज्ये नमली आणि त्यांना नवा धर्मही घ्यावा लागला. सैन्य बाहेरून आले नव्हते, घरचेच होते. तलवार मात्र तलवारच. बेटांवरही राजे राज्यांसारखेच वागले, एवढेच यातून दिसते.

आता आमच्या वऱ्हाडाकडे पाहू. इथले चित्र बेटांच्या नेमके उलटे आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस अल्लाउद्दीन खलजी एलिचपुरावरून देवगिरीवर चालून गेला. त्यानंतर दिल्ली, मग १३४७ पासून बहामनी, १४९० पासून एलिचपूरची इमादशाही, १५७४ पासून अहमदनगरची निजामशाही, १५९६ पासून मोगल, १७२४ पासून हैदराबादचा निजाम. मध्यंतरी नागपूरकर भोसल्यांचा मोठा वाटा. आणि १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. (निजामाच्या थोरल्या मुलाला १९३६ मध्ये ‘वऱ्हाडचा युवराज’ असा किताब मिळाला. वऱ्हाडावर तेव्हा त्याचा काडीचा अंमल नव्हता. राजेपणाच्या हौसेला अंत नसतो!) म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ तख्तावर बहुतेक मुसलमान. आणि आज यवतमाळ जिल्ह्यात मुसलमान किती? दर शंभरात दहा माणसेही नाहीत. तिकडे बेटांवर, जिथे बाहेरचे एक घोडदळ गेले नाही, शंभरात सत्त्याऐंशीच्या आसपास. हिंदुस्थानातही पाहावे: मुसलमानांची बहुसंख्या दिल्ली-आग्र्याच्या तख्ताभोवती झाली नाही, पूर्व बंगालच्या दलदलीत आणि पश्चिम पंजाबच्या रानात झाली. राजा आणि दीन यांच्या वाटा एकच असत्या तर हे घडते ना.

राजांना बाटवण्यापेक्षा महसूल प्यारा होता, आणि महसूल देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या हातात होता. तो त्यांच्याच हाती राहू देण्यात राजाचा फायदा. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने तर हिशेबाच्या दप्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली. आमचे आजचे कळंब मोगल अमदानीत एका सरकारचे ठाणे होते. ‘आईन-इ-अकबरी’त त्याची नोंद आहे. खुद्द यवतमाळचा उल्लेख तिथे परगणा म्हणून येतो, शेजारच्या लोहाऱ्याशी जोडून. पुसद-उमरखेडकडचा मुलूख माहूरच्या अंमलाखाली, वणीकडचा पुष्कळ काळ चांद्याच्या गोंड राजांकडे. त्या कळंबला आज लोक पायऱ्या उतरून चिंतामणीच्या दर्शनाला जातात. सरकारचे ठाणे होते म्हणून गाव मुसलमान झाले नाही.

तरीही हा हिशेब मांडून हात झटकणे आम्हाला पटत नाही. आकड्यांनी आरोप खोडता येतो, प्रश्न संपत नाही. म्हणून वऱ्हाडच्या पहिल्या सुलतानाची गोष्ट जरा थांबून पाहिली पाहिजे.

त्याचे नाव फतहउल्ला इमादुल्मुल्क. १४९० मध्ये बहामनी राज्य फुटले तेव्हा याने वऱ्हाडात स्वतःचे राज्य उभे केले. हा ना तुर्क, ना इराणी, ना अरब. इतिहासकार फरिश्ता सांगतो की तो विजयनगरच्या मुलखातला कानडी हिंदू घरातला मुलगा. लढाईत पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला, मुसलमान झाला, शौर्याने आणि अकलेने चढत चढत सुभेदार बनला आणि शेवटी सुलतान. अहमदनगरच्या निजामशाहीची कुळकथाही अशीच. संस्थापक अहमदचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यातला ब्राह्मण मुलगा. तोही विजयनगरच्या लढाईत धरला गेला होता. दक्षिणेतल्या पाच शाह्यांपैकी दोहोंच्या मुळाशी धरून आणलेली दोन पोरे आहेत.

आमच्या व्याख्यानांतून ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते: पाहा, हे राजे परके नव्हते, इथल्याच मातीतले होते! खरे आहे. पण मधली ओळ आम्ही गिळतो. त्या मुलाला कोणी विचारले होते काय? त्याच्या आईचे काय झाले? धरून आणलेले पोर मालकाच्या घरी मालकाचा धर्म उचलते, याला स्वीकार म्हणायचे की आणखी काही? कुरआनने दीनच्या बाबतीत सक्तीला जागा ठेवलेली नाही; सूरह बकरातील दोनशे छप्पन्नावी आयत आमच्या प्रत्येक सभेत पढली जाते. ती आयत खरी मानायची असेल तर त्या मुलाच्या बाबतीत जे घडले ते चूक होते, असे सर्वांत आधी आम्ही म्हटले पाहिजे. दुसऱ्याने बोट दाखवण्याची वाट पाहू नये. त्या काळी सगळेच राजे युद्धात माणसे धरीत होते, हे उत्तर इतिहासाच्या परीक्षेत चालेल. ज्याला आयत मान्य आहे त्याच्या तोंडी ते शोभत नाही.

पण इथे थांबलो तर तो मुलगा पुन्हा एकदा दुसऱ्यांच्या हातातले बाहुले होतो. तो मोठा झाला. त्याने नरनाळा किल्ल्यावर १४८७ मध्ये दरवाजा बांधला. त्यावर अरबी वळणाची सुबक अक्षरे कोरली आहेत आणि लोक त्याला महाकाली दरवाजा म्हणतात. गाविलगडच्या एका दरवाजावर सिंह आहेत, हत्ती आहेत आणि हत्तींना पंजात धरणारा दोन डोक्यांचा पक्षी आहे. हा गंडभेरुंड विजयनगरकडचा. सुलतान झाल्यावर त्याने आपले मूळ लपवले नाही, वेशीवर कोरून ठेवले, असाच अर्थ जाणकार त्याचा लावतात. नमाज पढणारा माणूस आणि आईच्या मुलखाचा पक्षी, दोन्ही त्याचेच. त्याचा इस्लाम त्याला कैदेतून मिळाला होता, म्हणून मरेपर्यंत तो कैदेचाच राहिला असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? जन्माने मिळालेला धर्म तरी कोण मागून घेतो? आपण सगळेच आपल्याला न विचारता कुठल्या तरी घरात जन्मतो, कानात अजान पडते किंवा पाळण्यावर मंत्र म्हटले जातात, आणि मग आयुष्यभर त्या दिलेल्याला आपले करीत राहतो किंवा करीत नाही. ‘घरवापसी’ची हाक देणाऱ्यांना हे समजत नाही. पाचशे वर्षांपूर्वी दार मोडले गेले असेल, पण आत जे घर झाले ते त्या माणसांनी स्वतः सारवले आहे. दार मोडणाऱ्याला दोष द्या, आम्हीही देऊ. म्हणून घरातल्याला बाहेर काढण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

या दोन घराण्यांनी पुढे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याला पाथरी हवी होती. का? तर ते वाडवडिलांचे गाव म्हणून! पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या अल्लाउद्दीन इमादशहाकडे होती. बुऱ्हाणने बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. अल्लाउद्दीनने नकार दिला, आणि १५१८ मध्ये बुऱ्हाणने पाथरी जिंकून घेतली. कुळकर्ण्याचा पणतू आणि कानडी हिंदूचा नातू, दोघेही कलमा पढणारे, एका ब्राह्मणी वतनाच्या गावासाठी लढले. आणि मेले ते बहुधा दोन्हीकडचे मराठे, हबशी, दखनी शिपाई. यात इस्लामचा प्रसार कुठे शोधायचा? पुढे १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने इमादशाही बुडवली, शेवटचा इमादशहा आणि त्याच्या नावाने कारभार बळकावलेला तुफालखान, दोघेही कैदेत मेले. जिंकणारा मुसलमान, हरणारा मुसलमान. रयतेला नवा वसूलदार आला एवढेच.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे, आणि बेटांच्या गोष्टीशी ताडून पाहण्याजोगे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद. सतराव्या शतकाच्या अखेरीस गादीच्या भांडणात तो औरंगजेबाकडे गेला, मुसलमान झाला आणि गादी घेऊन परतला. त्यानेच पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसवले. बेटांवर राजाने कलमा पढला आणि कालांतराने रयत मागोमाग गेली. इथे राजा मुसलमान झाला आणि त्याचे गोंड जसेच्या तसे राहिले. राजघराण्यानेही गोंडांशी सोयरीक आणि जुने रिवाज सोडले नाहीत. नियत हीच कर्माची पारख, असे आम्हाला हदीसने शिकवले. या मापाने बख्त बुलंदचा इस्लाम काय भरेल ते अल्लाह जाणे, तो तोलण्याचे काम आमचे नव्हे. मात्र ज्या बादशहाने त्याला गादी दिली त्याच्याविरुद्धच त्याने पुढे बंड केले, आणि चिडलेल्या बादशहाने त्याचे बुलंद नशिबाचे नाव काढून त्याला फुटक्या नशिबाचा म्हणवले, अशी नोंद आहे. ज्या शहरात २०२५ मध्ये औरंगजेबाच्या नावाने दगड फेकले गेले, ते औरंगजेबाविरुद्ध उठलेल्या एका गोंड मुसलमानाने वसवलेले आहे. नागपूरच्या किती हिंदूंना हे ठाऊक आहे? आणि किती मुसलमानांना?

आता मूळ प्रश्नाकडे. अभिमान आणि जबाबदारी या एकाच वतनाच्या दोन बाजू आहेत. वतन घ्यायचे तर त्यावरचे कर्जही घ्यावे लागते. ‘आमचे राज्य होते’ म्हणणाऱ्याने त्या राज्यात धरून आणलेली पोरे, पाडलेली देवळे, लुटलेली गावे हीही आपलीच मानावीत आणि त्यांची माफी मागावी. ज्याला माफी मागायची नाही त्याने दिमाखही मिरवू नये. आमचा कल दुसरीकडे आहे, आणि त्याला आधार आमच्याच किताबात आहे. त्याच सूरह बकरात एकदा नव्हे तर दोनदा सांगितले आहे की होऊन गेलेल्या लोकांची कमाई त्यांची, तुमची कमाई तुमची, आणि त्यांनी काय केले हे तुम्हाला विचारले जाणार नाही. हे आम्ही आरोप झाला की आठवतो, मिरवायची वेळ आली की विसरतो. पूर्वजांच्या पापाचा जाब नसेल तर पूर्वजांच्या पराक्रमाचे श्रेयही नाही. आयत दोन्हीकडून कापते.

कोणी म्हणेल, मग इतिहास सोडूनच द्यायचा काय? मुळीच नाही. उलट आमचा इतिहास आम्ही कधी हातीच घेतलेला नाही. राजांचा इतिहास म्हणजे आमचा इतिहास, हे समीकरण इंग्रजांनी ‘मुसलमानी काळ’ असे नाव देऊन रुजवले, हिंदुत्ववाद्यांनी शिव्या घालण्यासाठी उचलले आणि आमच्यातल्या अश्रफ घराण्यांनी मिरवण्यासाठी. तिघांच्याही कथेत पिंजारी नाही. वऱ्हाडात कापूस आहे म्हणून पिंजारी आहे. थंडीच्या तोंडाला कमान खांद्यावर टाकून तो गावोगाव फिरला, पाटलाच्या वाड्यातली गादी आणि मांगवाड्यातली वाकळ एकाच तारेने पिंजली. त्याने कोणाला धर्म शिकवला नाही, कारण त्याचा त्यालाच पुरता येत नव्हता. त्याच्या घरी निकाहही होता आणि हळदही.

आणि मुलाणा. खेड्याच्या अलुत्या-बलुत्यांत मुलाण्याची जागा होती. गावात जत्रा असो, नवस असो, बकरे मुलाण्याच्या सुरीने हलाल व्हायचे आणि मग मराठा, कुणबी, तेली, माळी सारे खायचे. त्याला खळ्यावर धान्य मिळे, कुठे इनामाचा तुकडा. इस्लाम आमच्या खेड्यांत आला तो असा, बलुतेदार होऊन. सुताराने पाभर करावी, कुंभाराने गाडगी द्यावीत, मुलाण्याने बिस्मिल्ला म्हणावे. यालाही गुलाबी रंग देण्याचे कारण नाही. बलुत्याची व्यवस्था जातीची होती, आणि मुलाण्याला तिच्यात जागा मिळाली ती खालचीच; दीनने सांगितलेली बरोबरी त्या खळ्यावर पोचली नाही. आमच्या बिरादऱ्याही एकमेकींत सोयरीक करीत नाहीत, तेव्हा दोष फक्त गावाला देता येत नाही. पण ही कमाई आणि ही उणीव, दोन्ही आमच्या आहेत. हिचा जाब आम्हाला विचारावा, आम्ही देऊ.

मराठीतही हीच वाट दिसते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदाने ‘योगसंग्राम’ लिहिला तो निजामशाहीच्या मुलखात, पण निजामशहासाठी नव्हे. त्याचा मठ उभारून दिला मालोजी भोसल्यांनी. हुसेन अंबरखानाने गीतेवर मराठीत टीका लिहिली. यांच्या नावाने आमच्या पोरांनी कधी मिरवणूक काढल्याचे ऐकिवात नाही. तलवार हातात नसलेला माणूस मोबाईलच्या पडद्यावर शोभून दिसत नाही, हे एक कारण असावे.

वऱ्हाडातल्या जुन्या मुलाणी, काझी, मुजावर घराण्यांच्या पेट्यांत अजून इनामाच्या सनदा निघतात. काही फारसीत, पुष्कळशा मोडीत. कोणत्या पाटलाने किती पायली दिली, कोणत्या जत्रेला किती बकरे, मशिदीच्या दिव्याला तेल कोणाच्या घाण्याचे, असले बारीकसारीक त्यांत असते. फारसी वाचणारे मौलवी अजून सापडतात. मोडी वाचणारे आमच्या मोहल्ल्यांत विचारत फिरावे लागते, आणि तेवढ्या अवधीत कसर कागद खाते आहे. बादशहाच्या कबरीवरून भांडायला हजार पोरे एका हाकेत जमतात. यांच्यातली चार जरी दर रविवारी मोडीची बाराखडी घेऊन बसली तर दारव्हा, दिग्रस, पुसदकडच्या पेट्या दोन-तीन वर्षांत वाचून होतील. शिकवणारा बहुधा एखादा निवृत्त ब्राह्मण किंवा कुणबी मास्तरच मिळेल. त्याला चहा पाजून बसवावे.